सातवा खण

मंगळवार, ४ मार्च

वाचनालयाच्या जुन्या आवक रजिस्टरची मागची साठ-सत्तर पानं कोरी निघाली. टाकून द्यायची जिवावर आली, म्हणून शिवून वही केली. यांना जाऊन चौदा महिने झाले. दिवसभर बोलायला माणसं असतात, पण जे बोलायचं असतं ते त्यांच्याशी बोलता येत नाही. दुपारी एक ते चार वाचनालय बंद असतं. त्या वेळात लिहीन.

आज चिटणीस वर आले. नदीपलीकडची शाखा मंडळ बंद करतंय. तिथली अठरा हजार पुस्तकं आता आमच्याकडे येणार. ठेवायची कुठे? तर वाचकांची टेबलं काढून तिथे लोखंडी रॅक बसवायची, रुळांवर सरकणारी, एकमेकांना चिकटून उभी राहणारी. रॅक करायचं काम भावजींच्या वर्कशॉपला मिळालंय.

"आणि वाचक?" मी विचारलं.

"हल्ली बसून वाचतं कोण?"

"मी."

ते हसले. मी विनोद केला नव्हता.

मग म्हणाले, तुमच्या खोलीला धक्का नाही. मागची खोली मला नोकरीबरोबर आहे. ती राहील म्हटल्यावर मी गप्प बसले. स्वतःची लाज वाटली, पण गप्प बसले हे खरं.

गुरुवार, ६ मार्च

मजला एवढं वजन पेलेल का, ते बघायला मंडळाने इंजिनीअर पाठवला. इंजिनीअर म्हणजे एक बाई निघाली, पस्तिशीची, पाठीला पिशवी, हातात छोटी हातोडी. गुडघ्यावर बसून फरशीवर टकटक करते आणि कान देते. खालच्या सभागृहात शिडी लावून वरचा पत्रा खरवडला, त्याच्या पन्हळी मोजल्या, किती खोल, किती जाड.

आमचा मजला नुसता काँक्रीटचा नाही. खाली पन्हळी पत्रा, त्यावर काँक्रीट. खांबापासून खांबापर्यंत एक खण, असे बारा खण, आणि दर खणाच्या मधोमध एक लोखंडी गर्डर. गर्डरवर बोटभर जाडीचे, डोकं असलेले खुंटे पत्र्यातून आरपार वेल्डिंग केलेले असतात. ते काँक्रीटमध्ये रुतून बसतात. हे मला बाईंनी सांगितलं, पण थोडंफार माहीतच होतं. सव्वीस वर्षांपूर्वी हा मजला यांच्या टोळीनेच घातला. हे मुकादम होते, तेही बाईंना सांगितलं.

"खुंटे कशाला लागतात?" मी विचारलं.

"काकू, खुंटे असतील तर गर्डर आणि काँक्रीट मिळून एक. नसतील तर एकावर एक ठेवलेल्या दोन वस्तू."

मी बांधणीच्या टेबलावरचे दोन पुठ्ठे उचलले. एकावर एक ठेवून वाकवले, सहज वाकले, एकमेकांवरून घसरले. मग कालचे खळ लावून चिकटवलेले दोन दिले. "हे वाकवा."

तिने जोर लावला. "हेच! हे शिकायला मला चार वर्षं लागली."

"मला खळ करायला शिकण्यात दोन."

जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, "नकाशे वाळवीने खाल्ले म्हणतात. किती खुंटे आहेत ते कळल्याशिवाय मी काही लिहू शकत नाही. तुमच्या यजमानांनी काही टिपून ठेवलं होतं का?"

मी नाही म्हटलं.

यांच्या पेटीत अकरा वह्या आहेत. चौदा महिन्यांत मी त्या उघडल्या नाहीत. ज्यांना मी अजून हात लावला नाही त्या परक्या बाईच्या हातात कशा देऊ? पण नाही म्हणायची गरज नव्हती. नंतर देते म्हणता आलं असतं.

सोमवार, १० मार्च

इथे नोकरीला लागले तेव्हा मला वाचता येत नव्हतं म्हटलं तरी चालेल. चौथीनंतर शाळा सुटली, ती सुटलीच. झाडलोट करायची आणि पुस्तकांना खाकी कव्हरं घालायची एवढंच काम. कव्हरावर नाव लिहायला लागायचं, म्हणून मुखपृष्ठावरची अक्षरं बघून बघून काढायला लागले. मग नावाच्या आत काय आहे ते बघावंसं वाटलं. दोन वर्षं लागली.

वाचायची जागा यांनी करून दिली. सातव्या खणात मोठी खिडकी आहे, सगळी टेबलं त्या बाजूला. पण यांनी माझ्यासाठी वेगळा बाक केला, खांबाला पक्का जखडलेला. "मधे नको बसू, लोक येता-जाता बोलवतात. खांबाला पाठ लावून बस." मला वाटायचं, माणूस बोलत नाही पण लक्ष असतं. चोवीस वर्षं मी त्याच बाकावर बसून वाचते आहे.

महिन्यातून एकदा हे खालच्या सभागृहात शिडी लावायचे, सातव्या खणाखाली दोरी ताणायचे. विचारलं तर म्हणायचे, जळमटं काढतोय. दोरीने कसली जळमटं निघतात? मी हसायचे. बाकीच्या अकरा खणांची जळमटं मलाच काढायला लागायची.

आज खोलीतली कपडे वाळत घालायची तार सैल झाली. गाठ मात्र यांचीच आहे, तशीच. दोन पीळ, आणि टोकं आत वळवलेली, कुणाच्या हाताला लागू नयेत म्हणून. पेटीचं कडं, चष्म्याची दांडी, कुंपणाची फळी, सगळीकडे तीच. गाठ न सोडता तारच ओढून घेतली.

शनिवार, १५ मार्च

पेटी उघडली. वरच्या वहीला अजून ग्रीसचा वास आहे. थोडा वेळ नुसतीच मांडीवर घेऊन बसले.

यांचं अक्षर म्हणजे आकडेच. पहिल्या वहीत हा मजला आहे. एका पानाला एक खण. वर खणाचा आकडा, त्याखाली ४४, मग बरोबरच्या खुणांच्या ओळी. मोजल्या. दर पानावर चव्वेचाळीस. कुठे कुठे एक-दोन फुल्या, आणि फुलीशेजारी पुन्हा बरोबरची खूण.

सातव्या पानावर ४४ लिहिलंय आणि खाली एकही खूण नाही. दोनच शब्द आहेत. "नंतर बघू."

त्या दिवशी संध्याकाळ झाली असेल.

पुढच्या दहा वह्यांत इतर कामं आहेत, पण प्रत्येक महिन्याच्या शेवटी एक ओळ येतेच. "७. दोरी. ३ सूत." पुन्हा "७. दोरी. ३ सूत." एकदाच "४ सूत. कपाट हलवलं." मग परत तीन. शेवटची ओळ दवाखान्यात जायच्या आठवड्यातली. हात थरथरत होता तेव्हा. आकडा तोच.

सोमवार, १७ मार्च

भावजी आले. यांचे धाकटे भाऊ. नेहमीप्रमाणे दारातच उभे. इतक्या वर्षांत ते वाचनालयात कधी आत आलेले नाहीत. पुस्तकांच्या धुळीने शिंका येतात म्हणतात. वर्कशॉपमध्ये दिवसभर लोखंडाचा कीस नाकात जातो त्याने येत नाहीत.

"वहिनी, ती इंजिनीअरीण काय म्हणते?"

"टकटक करते."

"करू दे. तिला पगार टकटक करायचाच मिळतो." हसले, पण डोळे खिडकीकडे होते. "दादाच्या वह्या असतील ना तुमच्याकडे? द्या मला. वर्कशॉपमध्ये लोखंडी कपाटात ठेवतो. इथे वाळवी लागायची."

"अजून वाचते आहे."

"त्यात काय वाचायचं? नुसते आकडे."

"मला आकडेही वाचता येतात, भावजी."

"तुम्हाला काय येत नाही! दादा म्हणायचा, हिला आता वाण्याच्या पुडीचा कागद दिला तरी आधी वाचते, मग साखर डब्यात ओतते."

दोघंही हसलो. जाताना उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "लवकर वाचा."

हे दवाखान्यात होते तेव्हा एकोणीस दिवस भावजी बाहेरच्या बाकावर झोपले. वर्कशॉप बंद ठेवलं. ते मी विसरणार नाही. म्हणून त्यांना नाही म्हणताना जीभ जड होते.

गुरुवार, २० मार्च

आज तीन खण उघडले. दोन, पाच आणि अकरा. चिटणीसांनी अट घातली होती की धड फरशी फोडायची नाही, जिथे आधीच तडकलीय तिथेच बघा. फरशी तडकते कपाटांच्या पायांखाली. सातव्या खणात एकही तडा नाही.

काँक्रीट फोडून गर्डरपर्यंत गेले. खुंटे दिसले. रांगेत, सरळ, एखाददुसरा थोडा कललेला.

"हा वाकडा का?" मी विचारलं.

"तो मुद्दाम वाकवलाय. वेल्डिंग झालं की घण मारून बघतात. चांगला असेल तर वाकतो, कच्चा असेल तर तुटून पडतो. काही टोळ्या थोडे निवडून मारतात. ही टोळी बहुतेक सगळ्यांना घण मारायची, टोले दिसतात बघा. काकू, तुमच्या यजमानांचं काम फार चोख आहे."

चिटणीस म्हणाले, "मग झालं तर!"

"बुधवारी पाचव्या खणावर पाण्याची पिंपं ठेवून बघू. एकाच टोळीचं काम आहे, तीन ठिकाणी बरोबर निघालं, तर बाकीचंही तसंच धरायला हरकत नाही."

मी चहा टाकायला आत गेले. चहा उतू गेला तरी मी गॅसकडे बघतच उभी होते.

शुक्रवार, २१ मार्च

बरोबरची खूण म्हणजे घण मारला, वाकला. फुली म्हणजे तुटला, परत लावला. सातव्या पानावर खूणच नाही.

दोरी ताणून हे गर्डरचा झोल मोजत होते, किती सूत, म्हणजे इंचाचे किती आठवे भाग, खाली आलाय ते. चार सुतांचं वर्षही आठवलं. संदर्भग्रंथांचं मोठं कपाट मंडळाने सातव्या खणात आणून ठेवलं होतं. हे दुसऱ्याच दिवशी दोन हमाल घेऊन आले आणि चिटणीसांशी हमरीतुमरीवर आले. "इथला उजेड छान आहे, इथे माणसांना बसू द्या!" जन्मात आवाज न चढवणारा माणूस. मी त्या रात्री जाऊबाईंना किती कौतुकाने सांगितलं होतं, यांना वाचनाची एवढी कदर आहे म्हणून. जाऊबाई काही बोलल्या नाहीत. तेव्हा वाटलं, हेवा वाटला असेल.

बाक खांबाला जखडलेला आहे.

मला खांबाजवळ बसवलं, आणि बाकीचे मधे बसत होते. पेपर वाचणारे म्हातारे, परीक्षेची मुलं. हे मी आज सकाळपासून किती वेळा मनात म्हटलं ते सांगता येणार नाही.

शनिवार, २२ मार्च

काही झालं नाही. सकाळी दोन म्हातारे मधल्या टेबलावर पेपरातलं कोडं सोडवत होते. मी त्यांना भिंतीकडे बसवलं. "का हो?" म्हणाले. मी म्हटलं, "उजेड जास्त येतो डोळ्यावर."

मी यांच्यासारखीच बोलले.

रविवार, २३ मार्च

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. लहानपणापासून ऐकत आले, हातात मात्र आता आलं.

सोमवार, २४ मार्च

मीच वर्कशॉपमध्ये गेले. भावजींनी मशीन बंद केलं, स्टूल पुसून दिलं. मागे नवी रॅक उभी होती, एकाला एक लागून, राखाडी रंगाची. रिकामीच होती, तरी त्यांच्या शेजारी बसवेना.

"सातव्या खणात काय झालं होतं?"

ते बराच वेळ हातमोजा काढत होते.

"मी बावीस वर्षांचा होतो. वेल्डिंगची गन नवी होती. त्या सकाळी पत्र्यावर दव होतं, पुसलं नाही. ओल्या पत्र्यावर वेल्ड धरत नाही, हे नंतर कळलं. दादाने घण मारला तर पटापट तुटायला लागले. निम्म्याच्या वर. खाली काँक्रीटचा पंप चालू, गाड्या उभ्या."

"मग?"

"मग काय. ओतलं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "माझी चूक, वहिनी. सगळी माझी. दादाचा त्यात काही संबंध नाही. ओतलं तेव्हा तो खाली गाड्या बघत होता."

"यांनी लिहिलंय, नंतर बघू."

"तो असंच म्हणायचा."

"परवा त्या बाई सही करतील. मग तिथे ही रॅक येतील."

"सव्वीस वर्षं काही झालं का? नाही ना? झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमची खोली राहते, माझी इज्जत राहते, दादाचा फोटो भिंतीवर सरळ राहतो."

"सव्वीस वर्षं तिथे कपाट नव्हतं."

मग खुर्ची जवळ ओढली आणि अगदी हळू, जसं दवाखान्यात बोलायचे तसं म्हणाले, "रॅक बसू द्या. एकदा काम झालं की मी खालून गर्डरला पट्टी मारून देतो. कुणाला कळणार पण नाही. नंतर बघतो ना मी, वहिनी."

मी उठले. त्यांनी मला रस्त्यापर्यंत सोडलं, रिक्षा थांबवून दिली. घरच्या माणसासारखं.

भावजींच्या तोंडून ते दोन शब्द ऐकले, तेव्हापासून दुसरं काही ऐकू येत नाही. बोलले तर ज्या माणसाने एकोणीस दिवस बाक सोडला नाही त्याला मी बुडवते. गप्प बसले तर रोज सकाळी कुलूप काढून रॅकमध्ये पुस्तकं लावायची, पुस्तक परत पुस्तक, वजन मीच वाढवत जायचं. आणि दर महिन्याला खाली जाऊन दोरी ताणायची? तेवढंच राहिलं माझ्या नशिबी?

बुधवार, २६ मार्च

पाचव्या खणात निळी पिंपं मांडली, चार रांगा. नळीने पाणी सोडलं. खाली गर्डरला घड्याळासारख्या तबकड्या लावल्या होत्या, मजला केसभर जरी खाली आला तरी काटा हलतो. एक रांग भरली की थांबायचं, काटा बघायचा, लिहायचा. मग पुढची रांग. चिटणीस खुर्ची टाकून बसले होते, जसं काही लग्नाच्या पंगतीत वाढप चाललंय. भावजी दारात उभे.

सगळी पिंपं भरली. बाई खालून वर आल्या, घाम पुसत. "झकास. हिशोबापेक्षा कमीच वाकलाय."

चिटणीसांनी टाळी वाजवली. "मग सही करून टाका."

"पाणी काढल्यावर मजला परत वर येतो का ते उद्या बघायचं. मग सही."

पाणी काढायला दोन तास लागले. मी बाकावर बसून होते, खांबाला पाठ लावून. पिंपातलं पाणी नळीतून खाली गटारात जाताना आवाज येत होता आणि मी तो आवाज संपायची वाट बघत होते. संपल्यावर म्हटलं,

"बाई, सातवा खण उघडा."

"तिथे का? फरशी धड आहे ना?"

"मी तुमच्याशी खोटं बोलले. कागद आहेत."

पहिली वही पिशवीतून काढून दिली. सकाळपासून पिशवीत होती. त्यांनी पानं उलटली, सातव्या पानाशी थांबल्या, मागचं पुढचं परत बघितलं. मग वर न बघता विचारलं, "हे पान तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"बघितलं त्याला अकरा दिवस झाले. कळलं त्याला पाच."

चिटणीस म्हणाले, "अहो बाई, खोली तरी आठवा स्वतःची!" मला म्हणाले ते.

दाराकडे पाहिलं. भावजी गेले होते.

गुरुवार, २७ मार्च

उघडला.

फरशी निघाली, काँक्रीट निघालं. खुंटे होते. पहिल्यांदा मला वाटलं, सगळे आहेत, मी उगाच सगळ्यांच्या तोंडचा घास काढला. सरळ रांगेत उभे होते.

बाईंनी एकाला बोट लावलं. तो हलला.

"अरे," म्हणाल्या. खाली वाकल्या, टॉर्च मारला. "हे वेल्ड केलेले नाहीत. बांधून उभे केलेत."

तुटलेले खुंटे बारीक तारेने लोखंडी जाळीला बांधले होते, कुणी लांबून मोजले तर चव्वेचाळीस भरावेत म्हणून. एक बांधलेला, दोन बांधलेले, मग एक खरा, परत बांधलेले.

मी गुडघ्यावर बसले. चष्मा लावला. तारेला दोन पीळ होते आणि टोकं आत वळवलेली.

काँक्रीटच्या आत, जिथे कुणाचाच हात जाणार नव्हता, तिथेही आत वळवलेली.

"हे कुणी केलं असेल?" बाई स्वतःशीच म्हणाल्या.

"माझ्या नवऱ्याने," मी म्हटलं. "ही त्यांची गाठ आहे."

चिटणीसांनी खिशातून रुमाल काढला आणि परत ठेवला.

भावजी म्हणाले होते, दादा खाली गाड्या बघत होता. मला वाटलं होतं, वह्या मागतायत ते स्वतःला वाचवायला.

बुधवार, २ एप्रिल

बाईंचा अहवाल आला. बत्तीस पानं. मी दोनदा वाचला, काही शब्द बाईंना फोन करून विचारले.

सातव्या खणात गर्डर आणि काँक्रीट मिळून एक आहेत असं धरता येत नाही. गर्डर एकटाच आहे असं धरायचं. एकट्या गर्डरला माणसं, टेबलं, खुर्च्या पेलतात, रॅक पेलत नाहीत. सरकती रॅक तर मुळीच नाहीत, सगळं वजन एका जागी गोळा होतं.

"म्हणजे इतकी वर्षं तिथे बसणाऱ्यांना धोका नव्हता?" मी फोनवर विचारलं.

"फक्त बसणाऱ्यांना? नाही. तुमच्या यजमानांना हिशोब येत होता का हो?"

"बेरीज-वजाबाकी यायची."

"मग अंदाजाने. पण अंदाज बरोबर होता."

फोन ठेवल्यावर बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलं. पण ज्याला अंदाज होता त्याने तो सव्वीस वर्षं कुणाला सांगितला नाही, आणि मेला तेव्हा अंदाज सोबत घेऊन गेला. मागे उरले ते सगळे आंधळे. मी धरून.

रॅकचं काम रद्द. तयार झालेली रॅक भावजींच्या अंगावर पडली. नदीपलीकडची पुस्तकं तूर्त गोदामात. हे वाचनालय तरी ठेवायचं की नाही, ते मंडळ महिनाअखेर ठरवणार, माझ्या खोलीचंही तेव्हाच. जाऊबाईंना फोन केला. त्यांनी उचलला, माझा आवाज ऐकला आणि ठेवला.

यांचा फोटो भिंतीवर सरळच आहे. मी त्याच्याकडे बघते, पण अजून काही बोललेले नाही.

सोमवार, ७ एप्रिल

भावजींच्या वर्कशॉपवरून गेले. शटर अर्धं खाली होतं. आत घण मारल्याचा आवाज. थांबले नाही.

शनिवार, १२ एप्रिल

अहवालात शेवटी एक ओळ होती, की सातव्या खणात काय ठेवायचं नाही आणि किती माणसं बसू शकतात याची पाटी लावावी. चिटणीस म्हणाले, पेंटरला कशाला बोलवायचं, तुमचं अक्षर चांगलं आहे. चिडून म्हणाले की मनापासून, कळलं नाही.

पत्र्याच्या तुकड्यावर आधी पांढरा रंग दिला, काल वाळवला. आज सकाळी काळ्या रंगाने लिहिलं.

"या खणात कपाट, रॅक किंवा जड सामान ठेवू नये. चोवीस माणसांनी बसावे."

एवढंच. लिहायला दहा मिनिटं लागली. त्यातली पाच मिनिटं ब्रश धुण्यात गेली. दहा मिनिटांचं काम, आणि हे सव्वीस वर्षं उजेडाचं कौतुक सांगत राहिले.

पाटी खांबाला लावली, माझ्या बाकाच्या वर. बांधायला तार घेतली. दोन पीळ दिले आणि टोकं बाहेरच ठेवली. कुणाच्या हाताला लागली तर लागू देत, निदान वर बघतील.

मग बाक सोडून मधल्या टेबलावर जाऊन बसले. उघडलेली जागा काँक्रीटने बुजवलीय, फरशी अजून बसलेली नाही, तिथे चौकोनी ठिगळ दिसतं. माझी खुर्ची त्याला लागूनच. चोवीस वर्षांत पहिल्यांदा इथून खिडकी बघितली. उजेड खरंच छान आहे. यांनी ते मात्र खोटं सांगितलं नव्हतं.

पुस्तक उघडलं. दोन पानं झाली असतील, दारात भावजी.

पाटी वाचत होते. वाचून झाल्यावरही तिकडेच बघत राहिले. दाढी वाढली होती.

"गाठ बघितलीत?" त्यांनी विचारलं.

"बघितली."

"मी सांगणार नव्हतो तुम्हाला. मेलो असतो तरी."

"माहीत आहे."

त्यांनी उंबऱ्याशी चप्पल काढली. एक पाय आत ठेवला, बोटांनी फरशी चाचपली, जसं पाणी किती गार आहे ते बघतात, आणि परत घेतला.

"या ना, भावजी," मी म्हटलं. "माणसं चालतात इथे. वर लिहिलंय."

मी समोरची खुर्ची थोडी मागे ओढून ठेवली आणि वाचायला लागले. पान उलटताना वर पाहिलं, ते उभेच होते. पुढचं पान उलटताना पाहिलं. चार वाजले, वाचक जिना चढायला लागले, त्यांना वाट द्यायला भावजी बाजूला सरकले. बाहेरच्या बाजूला.

खुर्ची मी तशीच ठेवली आहे.